वहीतली तारीख आणि यंत्रातली तारीख



बचत गटाचा हिशेब वहीतून संगणकावर आला, तेव्हापासून आम्हा समन्वयकांना गावोगावी एक प्रश्न ऐकू येतो. कर्जवाटपाच्या एक्सेल तक्त्यात ८ मार्च २०२४ अशी तारीख लिहिलेली असते. कुणाचा तरी हात भलत्याच बटणावर पडतो आणि त्या चौकटीत तारखेच्या जागी ४५३५९ असा आकडा उमटतो. मग फोन येतो, “ताई, आमची तारीख कुठं गेली?”

तारीख कुठेही गेलेली नसते. यंत्र ती पोटात कशी ठेवते, ते त्या वेळी उघडे पडलेले असते. यंत्राला मार्च ठाऊक नाही, शुक्रवार ठाऊक नाही, महिला दिन तर नाहीच नाही. त्याला मोजता येते. एक्सेलने १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला आणि तिथून तो एकेक दिवस मोजत आला. ४५३५९ हा त्या मोजणीतला आकडा. आपल्याला दिसणारी ८ मार्च म्हणजे त्या आकड्याला नेसवलेली साडी.

असे करण्यात सोय मोठी आहे. ८ मार्च २०२४ ला उचललेले कर्ज ८ मार्च २०२५ ला फेडले, तर व्याज किती दिवसांचे? ४५७२४ मधून ४५३५९ वजा केले की ३६५ दिवस. महिना तीसचा की एकतीसचा, हे मुठीच्या उंचवट्यांवर मोजत बसावे लागत नाही.

पण मोजायला सुरुवात कुठून करायची आणि कोणत्या नियमाने मोजायचे, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. ठरवणारे एकीकडे असतात आणि त्याचा ताप भोगणारे पुष्कळदा दुसरीकडे, तेही कित्येक वर्षांनी. आज आम्ही तुम्हांला तो इतिहास सांगणार आहोत.

एक दिवस, दोन तारखा

आपण ज्याला इंग्रजी कॅलेंडर म्हणतो, त्याचे मूळ रोममध्ये. ज्युलियस सीझरने ते इसवी सनापूर्वी ४५ या वर्षी लागू केले. वर्ष ३६५ दिवसांचे आणि दर चौथे वर्ष ३६६ दिवसांचे. म्हणजे सरासरी वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे झाले. सूर्याचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे चहा होईपर्यंतचा वेळ. पण तो दरवर्षी साचत गेला आणि सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर ऋतूंपासून दहा दिवस सरकले.

मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दुरुस्ती केली. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. पुन्हा चूक साचू नये म्हणून नियमही बदलला. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणून १६०० लीप होते, १७००, १८०० आणि १९०० नव्हते, आणि २००० पुन्हा लीप होते. मैत्रिणींनो, हा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोर्तुगालने नवे कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारले. इंग्लंडने ते १७५२ पर्यंत घेतले नाही. आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. गोवा पोर्तुगिजांचे, तर मुंबई १६६८ पासून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे. पोर्तुगिजांच्या कागदावर ज्या दिवशी २० जानेवारी १६७५ असे, त्याच दिवशी इंग्रजांच्या गणनेत १० जानेवारी असे आणि सालही १६७४ च चालू असे. कारण इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत होते. समुद्र तोच, दिवस तोच, पण तारीखही वेगळी आणि सालही वेगळे.

रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६ मध्ये. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर हजर होता. इंग्रजांच्या जुन्या गणनेत त्या दिवशी ६ जून १६७४ ही तारीख होती आणि वार शनिवार होता. आपणही ६ जूनच मानतो. नव्या गणनेने मात्र तो दिवस १६ जून १६७४ येतो. आजचे अनेक संगणक प्रोग्रॅम नवा नियम मागच्या सगळ्या शतकांना सरसकट लावतात. अशा प्रोग्रॅमला विचारा, ६ जून १६७४ ला कोणता वार होता? तो सांगेल, बुधवार. १६ जून विचारले की शनिवार सांगेल. यंत्राचे गणित बरोबर आहे. तारीख कोणत्या गणनेतली आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. युनिक्स नावाच्या संगणक प्रणालीत ‘कॅल’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. त्याला सप्टेंबर १७५२ दाखवायला सांगितले, तर २ तारखेपुढे थेट १४ तारीख येते. इंग्लंडने वगळलेले अकरा दिवस त्याने आठवणीने वगळले आहेत. म्हणजे दोन प्रोग्रॅमसुद्धा जुन्या तारखेबद्दल एकच उत्तर देतील असे नाही.

आपली तिथी आणखी निराळी. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून तिथी कधी १९ तासांची, तर कधी २६ तासांची होते. एखादी क्षयाला जाते, एखादी दोन दिवस चालते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो. यंत्राला तिथीही काढता येते, पण त्यासाठी सूर्य-चंद्राचे गणित करावे लागते, नुसती दिवसांची बेरीज पुरत नाही. स्वातंत्र्यानंतर देशात सुमारे ३० वेगवेगळी पंचांगे चालू होती. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचे नियम ठरलेले असल्यामुळे ती यंत्राला सोपी जाते. आकाशवाणीवर इंग्रजी तारखेबरोबर ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख ऐकू येते, ती हीच.

दोन अंकांची काटकसर

आता यंत्रांच्या काळात येऊ. सुरुवातीचे हिशेबयंत्र भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चाले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची अशी यंत्रे वापरली गेली. पुढे १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० रकान्यांचे कार्ड आणले आणि तेच सगळीकडे रुळले. एका माणसाचे नाव, पत्ता, पगार, जन्मतारीख, सारे ८० रकान्यांत बसवायचे. आपल्या लहान पासबुकात शेरा कोंबून लिहावा लागतो, तसेच ते. मग साहजिकच १९५६ ऐवजी नुसते ५६ लिहिले जाऊ लागले. दर तारखेमागे दोन रकाने वाचले. पुढे संगणक आले, तेव्हा त्यांची स्मृतीही फार महाग होती, म्हणून काटकसर तशीच चालू राहिली.

याच काळात एका बाईंनी मोठे काम केले. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील गणितज्ञ. संगणकाला आकड्यांच्या सांकेतिक भाषेऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम देता यावेत, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा आधार घेऊन १९५९ मध्ये कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली. बँका, विमा, पगार, पेन्शन या सगळ्यांचे प्रोग्रॅम कोबोलमध्ये लिहिले गेले. ते इतके चांगले चालले की वीस-तीस वर्षे कुणी बदललेच नाहीत. आणि त्यांतल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये सालाला दोनच घरे होती.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात विनोना नावाचे गाव आहे. तिथल्या १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना १९९२ मध्ये बालवाडीत नाव घालण्याचे पत्र आले. जन्मसाल ८८. यंत्राने ते १९८८ धरले, आजी तर १८८८ च्या. लोक हसले. पण त्याच चुकीने पेन्शन थांबली असती तर? व्याज उलटे मोजले गेले असते तर? २००० साल उजाडले की सालाच्या जागी ०० येणार आणि यंत्र त्याला १९०० समजणार, हा धोका हळूहळू लोकांच्या लक्षात आला. यालाच ‘वाय-टू-के’ म्हणत.

मग जगभर जुने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासले गेले. त्या कामाचा मोठा वाटा भारतात आला. आपल्याकडच्या हजारो तरुण-तरुणींनी कोबोल शिकून परक्या देशांच्या बँकांचे हिशेब दुरुस्त केले. १ जानेवारी २००० ला फार मोठे काही बिघडले नाही, तेव्हा उगाच घाबरवले, असे बोलणारेही निघाले. पावसाळ्याआधी घर शाकारले आणि गळले नाही, म्हणून शाकारणी फुकट गेली असे आपण म्हणतो का?

शिवाय सगळीकडे गळायचे थांबले नव्हतेच. इंग्लंडमधील शेफील्ड शहरातल्या प्रयोगशाळेत गर्भवतींच्या रक्ताची तपासणी होत असे. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता त्यातून काढली जाई. या हिशेबात आईचे वय फार महत्त्वाचे. २००० साल लागल्यावर तिथला संगणक वय चुकीचे मोजू लागला. काही महिने ते कुणाच्या ध्यानात आले नाही. दीडशेहून अधिक बायांना धोका कमी असल्याचे कळवले गेले, प्रत्यक्षात तो जास्त होता. पुढची तपासणी करायची की नाही, हे ठरवण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. वाचवलेले दोन अंक किती महाग पडू शकतात, ते यावरून समजते.

नसलेला दिवस आणि संपणारे सेकंद

आता मघाचा लीप वर्षाचा नियम आठवा. १९०० हे लीप वर्ष नव्हते. पण १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅमने ते लीप धरले. हा प्रोग्रॅम घरोघरी, म्हणजे कचेरी-कचेरीत पोहोचला. नंतर आलेल्या एक्सेलला लोटसचे जुने तक्ते जसेच्या तसे उघडायचे होते, म्हणून त्याने ती चूक समजून-उमजून ठेवली. त्यामुळे एक्सेलमध्ये ६० या आकड्याला २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख दिसते. तो दिवस कधी उगवलाच नव्हता. म्हणून मघाचा आपला ४५३५९ हा आकडाही खऱ्या मोजणीपेक्षा एकने जास्त आहे. आपल्या व्याजाला त्याचा धक्का लागत नाही, कारण वजाबाकी करताना दोन्हीकडचा एक उडून जातो. पण चूक जुनी झाली की तिची रीत होते, हे इथेही दिसते. लीप वर्षाचा गोंधळ अजून संपलेला नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्ये अनेक पेट्रोल पंपांवरची कार्डाने पैसे घेणारी यंत्रे त्या तारखेमुळे कित्येक तास बंद पडली होती.

युनिक्सची मोजणी निराळी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली घडवली. तिच्यात दिवस नाही, सेकंद मोजतात, तेही १ जानेवारी १९७० पासून. आपल्या हातातल्या बहुतेक मोबाइलमध्येही हीच मोजणी आहे. जुन्या रचनेत या सेकंदांसाठी ३२ घरे राखली होती. एक घर अधिक-उणे चिन्हाला गेले, उरलेल्या ३१ घरांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो. हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतात. पुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि जुने यंत्र डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोहोचते. नव्या यंत्रांत ६४ घरे असतात, ती अब्जावधी वर्षे पुरतील. काळजी आहे ती जुन्या, कुठेतरी बसवून विसरलेल्या यंत्रांची.

२०३८ आपल्याला लांब वाटते. पण सुकन्या समृद्धी खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होते. २०१८ मध्ये लेकीच्या नावाने उघडलेले खाते २०३९ मध्ये पूर्ण होणार. म्हणजे ती तारीख यंत्राला आजच नीट लिहिता यायला हवी.

आधी दिवस की आधी महिना?

रोजच्या कामात आम्हांला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट याहून साधी आहे. ०३/०४/२०२४ म्हणजे कोणता दिवस? आपण म्हणू, ३ एप्रिल. अमेरिकेत तोच ४ मार्च. अनेक संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेले असतात. अशा यंत्रात ०३/०४ घातले की ते मुकाट ४ मार्च करून ठेवते. २५/०४ घातले तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून ते तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवते आणि मग दिवसांची वजाबाकीच होत नाही. म्हणजे बारा तारखेपर्यंतची चूक दिसत नाही आणि तेरापासूनची दिसते. न दिसणारी चूक जास्त वाईट. हप्ता ३ एप्रिलला भरायचा आणि यंत्रात ४ मार्च, तर वेळेवर पैसे भरणारा गट थकबाकीदार दिसतो. वेळेवर परतफेड करणाऱ्याला मिळणारी व्याजातली सवलत अशा एका तिरक्या रेघेवर अडू शकते.

या घोळावर उपाय म्हणून १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला. आधी साल चार अंकी, मग महिना, मग दिवस. २०२४-०४-०३. मोठ्याकडून लहानाकडे, रुपये आणि मग पैसे लिहितो तसे. असे लिहिले की यादीही आपोआप क्रमाने लागते.

ज्यांची तारीखच नाही

आता शेवटचे आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. जुन्या पिढीतल्या किती बायांचा वाढदिवस १ जून आहे, मोजून पाहा. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी वयाच्या अंदाजाने १ जून लिहीत. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्यातल्या कित्येकींच्या कार्डावर १ जानेवारी आहे. त्यांना विचारले तर त्या सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात, सुगीच्या दिवसांत. हे उत्तर खरे आहे आणि त्यात साल आणि ऋतू दोन्ही आहेत. पण यंत्रातल्या चौकटीला दिवस, महिना आणि साल तिन्ही हवे असते. रिकामे सोडले तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून कुणीतरी काहीतरी भरते, आणि भरलेला अंदाज यंत्रात गेला की तो अंदाज होता ही खूण पुसली जाते. त्यानंतर तोच पुरावा ठरतो.

वयाच्या अटी मात्र काटेकोर असतात. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात शिरायला १८ ते ५० वर्षे, लाडकी बहीण योजनेसाठी २१ ते ६५ वर्षे. अंदाज एका वर्षाने हुकला, तर एखादी बाई विम्याबाहेर राहते. दोन कागदांवर दोन तारखा असल्या, तर तिच्या पश्चात वारसांना खेटे घालावे लागतात.

म्हणून आम्ही सभासद नोंदणीच्या वेळी घाई करत नाही. तारीख ठाऊक नसेल तर बाईला आठवणींची वाट धरायला सांगतो. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. किल्लारीचा भूकंप गणपती विसर्जनानंतरच्या पहाटेचा, ३० सप्टेंबर १९९३ चा. तेव्हा तुम्ही पाळण्यात होता, शाळेत होता की पहिले मूल कडेवर होते? दोन-तीन घटना जुळवल्या की साल बरेचसे नक्की होते. कागदोपत्री तारीख बदलायची तर त्याची रीतसर वाट आहे, पुरावे लागतात. निदान नव्या कागदावर तिसरी तारीख तरी निर्माण होऊ नये.

मैत्रिणींनो, आमच्या गटांत आम्ही चार सवयी लावून घेतल्या आहेत. साल नेहमी चार अंकी. इतिवृत्तात आणि पावतीवर महिना अक्षरांत, म्हणजे ३ एप्रिल २०२४. संगणकात तारीख घातली की महिना अक्षरांत दिसेल अशी मांडणी करून एकदा वाचून बघायचे. आणि जन्मतारीख अंदाजाने लिहिली असेल तर गटाच्या वहीत शेजारी ‘अंदाजे’ हा शब्द लिहून ठेवायचा, कशावरून अंदाज बांधला तेही लिहायचे. यंत्रात त्या शब्दाला जागा नसेल, आपल्या वहीत आहे. पुढच्या बैठकीला येताना सगळ्याजणी आधार कार्ड, पासबुक आणि शाळेचा दाखला असेल तर तो, असे कागद घेऊन या. तिन्हींवरच्या तारखा आपण एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचू.